गायीचं शिंग वळून गालाला टेकायला आलंय, किती कापू?

गोठ्यातला

मंडळी, एरवी मी वाचनमात्र असतो. आज अडलंय म्हणून धागा काढतोय.

आमची हरणी. वय नऊ, पाच वेतं झालेली, सध्या सहावा महिना चालू. पहिलारू होती तेव्हा गव्हाणीच्या आडव्या नळीत तिचं डावं शिंग अडकलं आणि तिने हिसडा दिला. शिंग मोडलं नाही, पण मुळाशी काहीतरी दबलं असणार, कारण तिथून पुढे ते वर जायच्याऐवजी आधी बाहेर, मग खाली आणि आता आत असं वळत आलंय. उजवं शिंग मात्र चित्रातल्यासारखं सरळसोट.

दोन वर्षांपूर्वी टोक गालापासून वीतभर लांब होतं. परवा धार काढताना खालून वर पाहिलं, तर टोक आणि गाल यांच्यामध्ये माझी दोन बोटं कशीबशी जातात. डोळ्याखालच्या हाडावर अंगठ्याच्या नखाएवढी जागा केस जाऊन गुळगुळीत झालीय. जखम नाही. शेजारच्या खुंट्यावर डोकं टेकून बसली की गालाची कातडी वर सरकते आणि टोक नेमकं तिथे घासतं. रवंथ करताना तर एका लयीत घासत राहतं. बघवत नाही.

एकाने सांगितलं, लोखंड कापायच्या करवतीने टाक उडवून, नखासारखंच असतं. दुसरा म्हणाला, मुळापासून काढ म्हणजे कायमची कटकट मिटली. तिसरा म्हणाला, गाभण आहे, हात लावू नकोस. तिघंही अनुभवी. मग ऐकू कुणाचं?

नेमकं विचारायचं तर: कुठपर्यंत कापलं तर दुखत नाही हे ओळखायचं कसं? कशाने कापायचं? आणि पुन्हा वाढतं का?

अबोली

फोटो टाका हो, शक्यतो समोरून आणि बाजूने. आणि ‘नखासारखंच असतं’ म्हणणाऱ्याला स्वतःचं नख मध्यावर कापायला सांगा.

निवृत्त_पशुवैद्य

अबोलीताईंनी एका ओळीत मुद्दा सांगून टाकलाय. मी जरा पसरट सांगतो, सवय आहे.

शिंग म्हणजे दोन गोष्टी एकात एक बसवलेल्या. आत कपाळाच्या हाडाचाच पुढे आलेला शंकू. बाहेर नखाच्या द्रव्याची, म्हणजे केराटिनची खोळ. दोघांच्या मध्ये एक पातळ, रक्ताने आणि मज्जातंतूंनी भरलेला जिवंत थर. खोळ वाढते ती या थरातून. आतलं हाड टोकापर्यंत जात नाही. टोकाचा भाग भरीव, निव्वळ केराटिन. तो कापला तर जनावराला करवतीचा आवाज आणि डोकं धरल्याचा वैताग, एवढंच. पण आतला जिवंत भाग जिथे सुरू होतो तिथून पुढे एक मिलिमीटर गेलात तरी ती जखम आहे, साळणं नव्हे.

तुमच्या दुसऱ्या सल्लागाराचं ‘मुळापासून काढ’ हे तर शस्त्रक्रियेचं काम. वासरू सहा-आठ महिन्यांचं झालं की कपाळातली हवेची पोकळी शिंगाच्या हाडात शिरायला लागते. नऊ वर्षांच्या गायीचं शिंग बुडातून काढलं तर तिच्या कपाळाला सरळ खिडकी पडते. त्यातून आतल्या पोकळीत डोकावता येतं. मी अशा खिडक्यांमधून श्वासाबरोबर वाफ बाहेर येताना पाहिली आहे. पाणी, चाऱ्याचा भुसा, माशी, सगळ्याला आत वाट मोकळी. गरज असेल तेव्हा ते करावंच लागतं, पण टोक घासतंय एवढ्यासाठी नाही.

आता सीमा ओळखायची कशी. पहाटे, गार हवेत, गाय शांत असताना शिंग मुठीत धरा. मुळाशी हात उबदार लागेल. मूठ हळूहळू टोकाकडे सरकवा. एका जागी ऊब संपून शिंग दगडासारखं गार लागेल. तिथे खडूने खूण करा. हा अंदाज आहे, पुरावा नव्हे, कारण वाकड्या वाढलेल्या शिंगात हाडही वाकडं आणि कधी कधी अपेक्षेपेक्षा लांब गेलेलं असतं. म्हणून एका घावात काहीच कापायचं नाही. टोकाकडून पातळ चकत्या काढायच्या आणि दर चकतीला शिंगाचा कापलेला पृष्ठभाग बघायचा. कोरडा, एकसारखा, भरीव असेल तर पुढे. मध्यभागी ओलसर किंवा गुलाबी ठिपका दिसला की हात थांबवायचा, मग टोक अजून बोटभर जवळ राहिलं तरी चालेल.

गाभणपणाची भीती निम्मी खरी आहे. त्यावर नंतर लिहितो.

कंटाळलेला_बैल

वाखूत (वाचनखुणांत) टाकलं. आमच्याकडे एका बैलाच्या शिंगाचं टोक असंच मानेकडे वळतंय, म्हणजे पाच-सहा महिन्यांत माझीही पाळी.

एकदा_फसलेला

माझा आयडी बघूनच कळलं असेल. लिहू की नको करत होतो, पण ‘करवतीने उडवून टाक’ वाचलं आणि राहवलं नाही.

चार वर्षांपूर्वी मी तेच केलं. गाय तरुण, शिंग जाड, टोक कानात जात होतं. कुणाला विचारलं नाही. दोघांनी डोकं धरलं, मी लोखंड कापायची करवत लावली आणि ‘थोडं जास्तच घेऊ, म्हणजे पुन्हा लवकर करायला नको’ असा हिशेब केला. पहिली दोन मिनिटं भुसा पांढरा पडत होता. मग गुलाबी पडला. तेव्हा थांबलो असतो तर हा प्रतिसाद लिहावा लागला नसता. मला वाटलं आता अर्ध्यात सोडलं तर अजून वाईट.

शिंग तुटून पडलं आणि रक्ताची चिळकांडी उडाली. एक नाही, दोन. नाडीच्या ठोक्यागणिक उडत होत्या. भिंतीवर माझ्या डोक्याच्या उंचीवर डाग अजून आहेत, चुना मारला तरी पावसाळ्यात वर येतात. गायीने जो आवाज केला तो गायीचा वाटलाच नाही. हळद, चहापूड, जे हाताला लागलं ते दाबलं. सगळं वाहून गेलं. शेवटी फडकं घट्ट गुंडाळून दोन्ही शिंगांभोवती आठच्या आकड्यात बांधलं आणि तळहाताने दाबून धरलं, वीस मिनिटं. डॉक्टर आले तेव्हा त्यांनी फडकं सोडून चिमट्याने रक्तवाहिनीचं तोंड पकडलं आणि पीळ दिला. पीळ दिल्याबरोबर बंद. मी वीस मिनिटं झगडत होतो ते वीस सेकंदांत.

गोष्ट इथे संपत नाही. त्याच बाजूच्या नाकपुडीतून दोन दिवस रक्ताळ पाणी येत होतं. बाराव्या दिवशी गाय डोकं एका बाजूला कलतं धरून उभी राहायला लागली, आणि जवळ गेलं की वास. पट्टी सोडली तर आत अळ्या वळवळत होत्या. पोकळी धुवून काढायला आठवडाभर रोज डॉक्टर येत होते. गाय वाचली. माझ्यावरचा तिचा विश्वास काही परत आला नाही, आजही हातात लांब काही दिसलं की मागे सरते.

तेव्हा गुलाबी भुसा दिसला की थांबा. कुणी काहीही म्हणो.

गोठ्यातला

बाप रे. हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. करवत परत करून आलो.

पहाटे मोजलं. वळणावरून टेपने शिंग ४१ सेंमी. ऊब साधारण २६ पर्यंत लागते, ३० नंतर नक्की गार. मधल्या चार सेंमीत माझ्याच हाताचा भरवसा वाटत नाही. बायकोने वेगळं मोजलं तर ती म्हणते २८ पर्यंत ऊब आहे.

निवृत्त_पशुवैद्य

मग २८ धरा. अशा बाबतीत घरात जो जास्त सावध आकडा सांगेल त्याचं ऐकावं. पुढे चार-पाच सेंमी सोडा. ३३ च्या अलीकडे जायचं नाही. ४१ मधून सात-आठ सेंमी गेले तर वळणाचा आत आलेला आकडाच जाईल, टोक गालापासून चांगलं दूर होईल. तेवढंच हवंय.

हत्यार: अडलेलं वासरू काढताना वापरतो ती दातेरी तार, दोन्ही टोकांना मुठी. करवतीचं पातं अशा वळणात अडकतं, गालाजवळ तर वापरूच नये. तार शिंगाच्या मागून घालून स्वतःकडे, चेहऱ्यापासून दूर ओढत कापते. घर्षणाने तापते, त्यामुळे चुकून बारीक रक्तवाहिनी लागलीच तर ती थोडीफार भाजून बंद होते. गाल आणि शिंग यांच्यामध्ये जाड चामडं किंवा दुमडलेलं गोणपाट घाला. डोळ्यावर फडकं बांधा, गाय निम्मी शांत तिथेच होते.

डोकं मोरकीने खांबाला आडवं बांधा, पण दोर शिंगाला अडकवू नका. आणि गाभण आहे म्हणून खाली पाडायचं नाही. उभ्यानेच, खोड्यात.

भूल: निर्जीव टोक कापायला लागत नाही. तरी डॉक्टरला समोर ठेवूनच करा. शिंगाला संवेदना देणारा मज्जातंतू डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून शिंगाच्या बुडाकडे जातो, कपाळाच्या कडेच्या हाडाखालून. साधारण मध्यावर २ टक्के लिग्नोकेन दिलं की दहा-पंधरा मिनिटांत शिंग बधिर होतं. मोठ्या शिंगांना मागच्या आणि आतल्या अंगाने येणाऱ्या शाखाही असतात, तिथे वेगळं टोचावं लागतं. हे वाचून सुई उचलू नका. जवळच रक्तवाहिनी आहे आणि डोळाही. सांगतोय ते एवढ्यासाठी की डॉक्टरने भूल द्यायचा कंटाळा केला तर तुम्हाला विचारता यावं.

गाभणपणाचा खरा प्रश्न इथे येतो. गाय उधळू नये म्हणून झायलाझीन द्यायची पद्धत आहे. ते औषध गर्भाशयाला आकुंचन आणतं, शेवटच्या तिमाहीत टाळतात. सहावा महिना म्हणजे उंबरठ्यावर. सांगून ठेवा. शिवाय गायीगुरांना ते घोड्याच्या मानाने दहाव्या हिश्श्यात पुरतं, घोड्यांची सवय असलेल्या हाताने देऊ नये.

रानपाखरू

थोडं अवांतर. शिंगावरच्या कड्यांवरून वय सांगतात ते खरं का? आमचे आजोबा हात फिरवून सांगायचे.

निवृत्त_पशुवैद्य

बऱ्यापैकी. शिंग वर्षभर एका वेगाने वाढत नाही. गाभणपणाच्या शेवटी आणि विताना गायीचं सगळं बळ वासराकडे जातं, शिंगाला कमी पडतं, तिथे खाच पडते. पुन्हा वाढ जोमात आली की पुढे उंचवटा. म्हणून कडी मोजून त्यात दोन मिळवायचे असा ठोकताळा. पण मोठं आजारपण किंवा चाऱ्याची टंचाई यांचंही कडं उमटतं. बाजारात काही जण कानस मारून कडी घासून टाकतात, तेल लावतात, आणि गाय दोन वेतांनी तरुण होते. आजोबा हात का फिरवत होते ते कळलं ना? घासलेली जागा डोळ्यांना फसवते, बोटांना नाही.

शेणगोळा

हे सगळं रामायण टाळायचं असेल तर वासरू असतानाच शिंगाच्या कळ्या जाळा. आम्ही गेली सात वर्षं एकही शिंग वाढू दिलेलं नाही. ना मारामाऱ्या, ना कासेला भोसकणं, ना गव्हाणीत अडकणं. लोक उगाच हळवे होतात.

अबोली

हळवं होणं आणि भूल देणं यात फरक आहे. तुम्ही भूल देता का?

शेणगोळा

दहा सेकंदांचं काम. भूल चढेपर्यंत पाच वासरं होतात.

निवृत्त_पशुवैद्य

शेणगोळा, मी हे शेकड्यांनी केलंय, आणि उमेदीच्या वर्षांत बिनभुलीनेच केलंय, तेव्हा उपदेश करायचा अधिकार मला जरा कमीच. पण ते दहा सेकंदांचं काम नाही. तापलेलं लोखंड दहा सेकंद टेकतं, जखम भरायला सहा ते नऊ आठवडे लागतात. नुसत्या लिग्नोकेनचा असरही दोनएक तासांत उतरतो आणि वासरू मग डोकं झटकत, कान फडफडवत, मागच्या पायाने कपाळ खाजवत बसतं. म्हणून भुलीबरोबर मेलॉक्सिकॅमसारखं वेदनाशामक द्यायचं, त्याचा असर लांब टिकतो. भूल चढेपर्यंत पाच वासरं होतात म्हणता ना, मग पाचांनाही आधी ओळीने भूल द्या, आणि पहिल्यापासून लोखंड सुरू करा. वेळ तेवढाच लागतो.

मूळ मुद्दा मात्र बरोबर आहे. करायचंच तर लहानपणी. साधारण दोन महिन्यांपर्यंत शिंगाची कळी नुसती कातडीत असते, बोटाने हलवली तर सरकते. नंतर ती कवटीला चिकटते. कळीभोवतीची वाढ देणारी कातडी पूर्ण गोलात जळली पाहिजे, तांब्याच्या रंगाचं अखंड कडं दिसलं पाहिजे. एका बाजूला अर्धं सुटलं की तिथून जे उगवतं ते शिंग नसतं, वाकडातिकडा खुंट असतो. माझ्याकडे आलेल्या ‘विचित्र शिंग’ तक्रारींतल्या बऱ्याच अशा अर्धवट जाळलेल्या कळ्यांच्याच असायच्या.

दावण

आणि कळी जाळायची ती पेस्ट? कॉस्टिकची?

निवृत्त_पशुवैद्य

पहिल्या काही दिवसांतच, आणि पातळ थर. भोवती व्हॅसलीनचं कुंपण. पाऊस नको, ओघळ डोळ्यात जातो. वासरू आईजवळ तर बिलकूल नको, ते दूध प्यायला गेलं की पेस्ट आईच्या कासेला. लोखंडापेक्षा सोपी वाटते म्हणून लोक तिच्याकडे वळतात. ती सोपी तुम्हाला असते, वासराला कॉस्टिक तासन्‌तास भाजत राहतं.

पेशीवाला

जाळायचीच वेळ येऊ नये म्हणून जन्मतः भुंडी जात हा तिसरा मार्ग आहेच. अँगस, गॅलोवे या जाती मुळात भुंड्या. भुंडेपणाचा गुण प्रभावी आहे आणि पहिल्या गुणसूत्रावर बसतो, त्यामुळे या जनुकाच्या दोन्ही प्रती भुंड्या असलेला वळू शिंगवाल्या गायीला दाखवला तर पहिल्याच पिढीत शिंगं गायब. दुधाळ जातींत हे जनुक संपादन करून आणायचा प्रयत्नही झाला. २०१५ मध्ये अमेरिकेत अशी दोन वासरं जन्मली आणि खूप गाजली. मग २०१९ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाच्या शास्त्रज्ञांना त्यांच्या जनुकांत संपादनासाठी वापरलेल्या जिवाणू डीएनएचा तुकडा राहून गेलेला सापडला. भुंडेपणा पुढच्या पिढीत उतरला, पण बाकी प्रकरण थंडावलं. साध्या पैदाशीनेही हे होतं, वेळ लागतो इतकंच.

दावण

थांबा, माझा एक गोऱ्हा असाच भुंड्या बापाचा आहे. त्याला शिंगं नाहीत पण शिंगाच्या जागी दोन बोंडं आलीत, धरली की हलतात. शिंग हलतंय म्हणजे आजार का?

पेशीवाला

नाही. एक प्रत भुंडी आणि एक शिंगवाली असलेल्या जनावरांत अशी बोंडं येतात, नरांत जास्त. ती कवटीला जोडलेली नसतात, कातडीत असतात, म्हणून डुगडुगतात. पण मोकळं सोडू नका. ती कधी वाढून वळतात आणि हरणीसारखंच डोक्याला टोचायला लागतात.

मळ्यातला_म्हातारा

‘शिंग हलतंय’ वाचून थांबलो. गोऱ्ह्याचं बोंड हललं तर ठीक. पण मोठ्या बैलाचं पक्कं शिंग हलायला लागलं तर एक दिवसही थांबू नका.

आमचा बैल सात वर्षांचा होता. आधी नुसतं डोकं झटकायचा, माशी बसल्यागत. मग डावं शिंग खांबाला घासायला लागला, इतकं की खांबाला खोबण पडली. मला वाटलं जू लागतंय, जू बदललं. मग ते शिंग जरा खाली झुकल्यासारखं वाटायला लागलं. जोडीतल्या दुसऱ्याशी तुलना केली म्हणून दिसलं, एरवी कळलंही नसतं. मुळाशी हात लावला तर भट्टीसारखं गरम, आणि दाबलं तर दबत होतं, पिकल्या फळासारखं. एके दिवशी त्या बाजूच्या नाकपुडीतून रक्ताचा धागा आला. तेव्हा डॉक्टर बोलावला. शिंगाचा कर्करोग निघाला. शिंग काढलं, पण आत कपाळापर्यंत पसरलेला. चार महिन्यांनी गेला.

जू बदलण्यात गेलेला दीड महिना मी अजून मोजतो.

गोठ्यातला

आता माझी झोप उडाली. हरणीचं शिंगही खालीच झुकलंय की. कसं ओळखायचं?

निवृत्त_पशुवैद्य

झोपा. तुमचं शिंग सहा वर्षांत हळूहळू वळलंय, खोळ वाकलेली आहे, मूळ हललेलं नाही. म्हाताऱ्यांनी सांगितलं ते काही आठवड्यांचं काम असतं आणि शिंग मुळातून ढळतं. हा कर्करोग शिंगाच्या हाडातल्या पोकळीच्या अस्तराला होतो, जास्त करून खांद्याला वशिंड असलेल्या गुरांत, बैलांत गायींपेक्षा जास्त, साधारण ५ ते १० वर्षं वयात.

तरी खात्री करून घ्या, पाच मिनिटं लागतात. दोन्ही शिंगांचं मूळ एकाच वेळी दोन हातांत धरा, एक बाजू जास्त गरम लागते का. मुळाशी बोटाच्या पेराने टिचकी मारा. निरोगी शिंग पोकळ वाजतं, भरलेलं असेल तर बद्द आवाज येतो. हळूच हलवून बघा. नाकपुड्यांपुढे पांढरं फडकं धरा. एका बाजूला काही लागलं तर साळणं बाजूला ठेवा, आधी तपासणी. आणि दोन्ही बाजू सारख्या असतील तर तार घेऊन डॉक्टरला बोलवा.

गोठ्यातला

दोन्ही बाजू सारख्या. टिचकीचा आवाज सारखा, फडकं कोरडं. बायकोने वेगळं तपासलं, तिचंही तेच.

*(आठ दिवसांनी)*

झालं. सविस्तर लिहितो, कुणाला तरी उपयोगी पडेल.

सकाळी सातला, ऊन यायच्या आत. डॉक्टरांनी लिग्नोकेन आणून ठेवलं होतं, मी मागितलं म्हणून जरा चकित झाले. म्हणाले, टोकच कापायचंय, आत गेलो तर देऊ. गोणपाट चौपदरी करून गालावर, डोळ्यांवर जुना पंचा. मोरकी खांबाला. बायको कपाळाला खाजवत उभी. हरणीने दोनदा मागचा पाय आपटला, मग कान सैल सोडले.

तार लागली आणि पहिल्या दहा ओढींतच जळक्या केसांसारखा वास. धूर येतो की काय असं वाटलं. पहिली चकती ३९ वर, बोटाच्या जाडीची. कापलेला भाग काळपट आणि भरीव, घासलेल्या नारळाच्या करवंटीसारखा. दुसरी ३७ वर, तशीच, मध्ये फक्त केसाएवढी फिकट रेघ. मी म्हटलं अजून चार सेंमी आहेत हातात. डॉक्टरांनी मान हलवली. तिसरी ३५ वर काढली आणि मध्यभागी मोहरीच्या दाण्याएवढा ठिपका दिसला. गुलाबी नव्हता, पण बोटाने पुसला तर बोट ओलं झालं. ऊब लागत होती २८ पर्यंत, आणि हे ३५ ला. म्हणजे हाताच्या अंदाजापेक्षा सात सेंमी पुढे. ३३ पर्यंत जायचं ठरलं होतं, तिथवर गेलो असतो तर रक्त नक्की होतं.

थांबलो. कानसने कडा गोल केल्या. भूल लागली नाही. टोक आता गालापासून चार बोटं दूर. गुळगुळीत झालेली जागा धुतली, माश्यांसाठी मलम लावलं.

एक गंमत सांगायची राहिली. गोठ्यातली दुसरी गाय, काळी, आजवर हरणीला वाट सोडून उभी राहायची. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने हरणीला गव्हाणीवरून ढकललं. सहा सेंमी टोक गेलं ते माझ्या आधी तिच्या लक्षात आलं. आता दोघींमध्ये आडवी फळी टाकलीय.

एकदा_फसलेला

ओल्या ठिपक्यावर थांबलात, फार बरं केलंत.

कंटाळलेला_बैल

अभिनंदन! माझा प्रश्न: टोक मानेकडे जातंय ते वजन बांधून वळवता येईल का? काही लोक करतात असं ऐकलंय.

निवृत्त_पशुवैद्य

वाढत्या वयात, हाड कोवळं असताना, वजन लावून शिंगांची ठेवण बदलतात. तुमचा बैल पूर्ण वाढलेला, त्याचं हाड आता मुरलंय. वजन लावलंत तर ताण मुळावर येईल आणि तिथेच दुखापत. साळत राहा. टोकाला पितळी शेंबी घालणार असाल तर सैल घाला आणि मधून मधून काढून बघा, आत ओल साठून खोळ कुजते.

गोठ्यातला, एक काम. आता शिंगाच्या बुडाला जिथे केस संपतात तिथून पुढे थोड्या अंतरावर कानसने बारीक, वरवरची खूण करा आणि अंतर लिहून ठेवा. शिंग मुळाकडून वाढतं, म्हणजे खूण पुढे सरकेल. तुमच्या गायीचं शिंग किती वेगाने येतंय ते तुम्हाला कळेल, कुठल्या पुस्तकातला आकडा नको. शिंग जितकं पुढे येईल तितका आतला जिवंत भागही पुढे येतो, म्हणून पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून चकत्या. ३५ चा आकडा पाठ करून बसू नका.

गोठ्यातला

*(सात आठवड्यांनी, धागा वर काढतोय)*

खूण केली तेव्हा केसांपासून ३० मिलिमीटर होती. आज ३४. उजव्या शिंगावरही हौसेने केली होती, ती ३५ वर गेलीय, म्हणजे वाकडं शिंग किंचित मागेच आहे. गालावर केस परत येतायत, आधी पांढरे आले, आता तांबूस होतायत. ओल्या ठिपक्याच्या जागी आता कोरडी, बोथट खळी आहे.

पुढचं साळणं वितल्यावर. तार डॉक्टरांनी माझ्याकडेच ठेवलीय. कंटाळलेला_बैल, तुम्हाला लागली तर निरोप टाका.